आधी दोन रनमधला वेळ ठरवा, गटांचा आकडा त्यातूनच निघतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्लबच्या ऑटोक्रॉसला (कोन मांडून आखलेल्या कोर्सवर घड्याळाशी शर्यत) ८० ड्रायव्हर येतात, त्यांतल्या १० गाड्या दोघा-दोघांत चालतात. तुम्ही दोन गट पाडता आणि प्रत्येकाला ५ रन देता. एकट्याची गाडी असलेले म्हणतात, दोन रनमध्ये पंचवीस मिनिटांच्या वर जातात आणि टायर गार पडतात. दोघांच्या गाडीवाले म्हणतात, आम्हाला हेल्मेट चढवायलाही वेळ मिळत नाही. दिवस संपता संपत नाही. तर चार गट करावेत का?

चार नकोत, तीन करा. पण नुसता आकडा बदलून तुमची अडचण निम्मीच सुटेल. उरलेली निम्मी स्टार्ट लाइनवर आहे. त्यामुळे आधी तिथलं बघू.

हिशेब साधा आहे. गटात जितके ड्रायव्हर, गुणिले दोन गाड्या सोडण्यातलं अंतर, म्हणजे एका ड्रायव्हरच्या दोन रनमधला वेळ. गटात ४० ड्रायव्हर आणि दर ३० सेकंदांनी एक गाडी सुटत असेल, तर २० मिनिटं व्हायला हवीत. तुमच्याकडे २५ च्या वर जातात, म्हणजे गाडी ३० सेकंदांनी सुटतच नाही, ४० सेकंदांच्या आसपास सुटते आहे. हे दहा सेकंद किरकोळ वाटतात. पण ८० जणांचे ५ रन म्हणजे ४०० स्टार्ट, आणि ४०० गुणिले १० सेकंद म्हणजे तासाहून जास्त. तुमचा दिवस संपत नाही तो इथे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, टायमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्टार्टची वेळ बहुधा नोंदलेली असते. मागच्या इव्हेंटची फाइल उघडा आणि लागोपाठच्या दोन स्टार्टमधला फरक काढा. सरासरीपेक्षा मोठी भोकं कुठे पडलीत ते बघा. एकेक मिनिटाचं भोक दिसलं की तिथे काय झालं होतं ते कुणाला ना कुणाला आठवतंच.

यातली एक गोष्ट बऱ्याच आयोजकांच्या लक्षात येत नाही. कोर्स लांब केला म्हणून दिवस लांबत नाही. रन ४५ सेकंदांचा असो की ७० चा, दर ३० सेकंदांनी गाडी सोडता येत असेल तर तासाला १२० रन होणारच. लांब कोर्सवर एका वेळी दोन-तीन गाड्या असतील, इतकंच. दिवस लांबतो तो कोर्स स्वतःलाच वळसा घालून स्टार्टजवळ परत येतो तेव्हा, किंवा फिनिशहून बाहेर पडणारी गाडी स्टार्टच्या रांगेला आडवी जाते तेव्हा. मग स्टार्टरला आधीची गाडी पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबावं लागतं आणि ३० चे ६५ सेकंद होतात. कोर्स आखणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा: काय वळणं टाकायची ती टाक, पण स्टार्ट आणि फिनिश एकमेकांच्या वाटेत येऊ देऊ नकोस.

पुढची गाडी कधी सोडायची हे स्टार्टरने घड्याळ बघून ठरवू नये. कोर्सवरची एक खूण ठरवून द्या, समजा स्लॅलमचा (नागमोडी जायच्या कोनांच्या ओळीचा) शेवटचा कोन. आधीच्या गाडीने तो ओलांडला की पुढची सुटली. ही खूण निवडताना सर्वांत संथ आणि सर्वांत वेगवान गाडीचा हिशेब धरायचा. संथ गाडीला ७० सेकंद लागतात आणि वेगवान गाडीला ५०, तर ३० सेकंदांच्या अंतराने सोडल्यावर फिनिशपाशी दोघींत १० सेकंद उरतात. हे चालतं. २० सेकंदांनी सोडलंत तर दोघी फिनिशवर एकत्र येतील. मग मागच्याला रीरन (पुन्हा एक रन) द्यावा लागेल, आणि वाचवलेल्या दहा सेकंदांच्या बदल्यात अख्खा स्टार्ट जाईल. नवशिका सुटला की त्याच्यामागे जरा जास्त वेळ थांबायचं, हे चांगल्या स्टार्टरला सांगावं लागत नाही. आणि कोन उचलणाऱ्या मार्शलचाही विचार करा. तो कोर्सवर धावत जातो, पडलेला कोन जमिनीवर आखलेल्या त्याच्या चौकटीत ठेवतो, परत येतो. हे त्याला पाठ न फिरवता, येणाऱ्या गाडीकडे तोंड ठेवून करता आलं पाहिजे. ३० सेकंदांत ते होतं. २० सेकंदांत तो जीव मुठीत धरून करतो.

भोकं पडतात ती बहुतेक वेळा ग्रिडवर, म्हणजे गाड्या आपल्या पाळीसाठी उभ्या असतात तिथे. स्टार्ट लाइनवर एक गाडी, तिच्या मागे हेल्मेट घालून, बेल्ट लावून तयार असलेली दुसरी आणि इंजिन चालू केलेली तिसरी, ही तीन गाड्यांची साखळी तुटली की भोक पडलंच. ग्रिड मार्शलने नजर स्टार्ट लाइनवरच्या गाडीवर ठेवायची नसते, तिच्या मागच्या चौथ्या-पाचव्या गाडीवर ठेवायची असते. त्या गाडीचा ड्रायव्हर तीन रांगा पलीकडे कुणाशी तरी टायरच्या हवेवर वाद घालत उभा असतो. त्याला हाक मारायची ती तेव्हाच. तो नाहीच आला तर त्याला वगळून पुढची गाडी काढायची, त्याचा रन फेरीच्या (गटातल्या प्रत्येकाचा एकेक रन म्हणजे एक फेरी) शेवटी. ग्रिडवर दोन माणसं हवीत असं मी म्हणतो ते यासाठीच: एक बोलावणारा आणि एक गाडी बाहेर काढणारा.

आता मूळ मुद्दा. दोन रनमध्ये किती वेळ असावा? माझं मत, ८ ते १५ मिनिटं. याला कारणं आहेत.

पाच मिनिटांच्या खाली ड्रायव्हर काही शिकत नाही. तो परत येतो, पार्क करतो, वेळ विचारतो आणि पुन्हा निघतो. आधीच्या रनमध्ये दुसऱ्या वळणाला उशिरा ब्रेक मारला होता की लवकर, हे आठवायलाही निवांतपणा लागतो. हवा तपासायची, दोन घोट पाणी प्यायचं, आपल्या वर्गातल्या (ज्यांच्याशी आपली स्पर्धा आहे त्यांतल्या) दुसऱ्या एकाला तेच वळण घेताना बघायचं, यात आठेक मिनिटं सहज जातात. टर्बो गाडी असेल तर बॉनेट उघडं ठेवून इंटरकूलरला गार होऊ द्यायला हाच वेळ लागतो. पंधरा मिनिटांपुढे उलटं होतं. टायर गार पडतो, पहिली दोन-तीन वळणं तो तापवण्यात जातात, आणि मुख्य म्हणजे डोक्यातला कोर्स पुसट होतो. वीस मिनिटांनी ग्रिडवर परत आलेला माणूस पहिल्या रनसारखाच अवघडलेला असतो. मोजके रन असताना हे जास्त लागतं. अमेरिकेत एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) सोलो नॅशनल्स या राष्ट्रीय ऑटोक्रॉस स्पर्धेत दोन दिवस दोन वेगळे कोर्स असतात आणि प्रत्येक कोर्सवर फक्त ३ रन. तिथे दुसऱ्या रनआधी डोकं आणि टायर दोन्ही जागेवर नसतील तर मग उरतो एकच रन.

किमान मर्यादा मात्र मी लिहूनच ठेवतो: कुणाही ड्रायव्हरला आधीचा रन संपल्यापासून ५ मिनिटांच्या आत स्टार्टला उभं करायचं नाही. तो स्वतःहून तयार असेल तरी ग्रिड मार्शलने घड्याळ बघावं. तापलेल्या डोक्याने घाईत केलेला रन त्याच्या कामाचा नसतो, आणि त्या घाईत हेल्मेटची पट्टी सैल राहण्याची शक्यता असते.

८ ते १५ मिनिटं हवीत आणि गाडी ३० सेकंदांनी सुटते, म्हणजे गटात १६ ते ३० ड्रायव्हर हवेत. ८० जणांना यात बसवायचं तर तीन, चार किंवा पाच गट होतात. यातून निवड करतं ते मार्शलिंग, कारण एक गट धावतो तेव्हा कोर्सवरचं काम दुसऱ्या गटाचे ड्रायव्हर करतात. तुमच्या कोर्सला सहा ठाणी असतील आणि प्रत्येक ठाण्यावर तिघं (एक वॉकी-टॉकी आणि लाल झेंडा घेऊन, दोघं कोनमागे धावायला), तर १८ झाले. स्टार्टर एक, ग्रिडवर दोन, टायमिंगला दोन, फाटकावर एक. एकूण २४. चार गट केलेत तर गटात २० च माणसं उरतात, ठाणी उघडी पडतात. तीन गटांत २७, २७, २६ होतात. माणसं पुरतात आणि दोन रनमध्ये साडेतेरा मिनिटं मिळतात. म्हणून तीन.

गट वाढला की एक अदलाबदल (एक गट थांबून दुसरा सुरू होणं) वाढते, ही भीती असते. हिशेब करून बघा. ४०० स्टार्ट ३० सेकंदांनी म्हणजे २०० मिनिटं. त्यात डझनभर रीरन धरा, म्हणजे आणखी ६ मिनिटं, आणि दोन अदलाबदलींची १५-१५ मिनिटं. चार तासांच्या आत आटोपतं. आज दोन गटांत ४० सेकंदांच्या अंतराने तुम्हाला रीरन सोडूनही पावणेपाच तासांच्या आसपास लागत असणार.

आता कोणी कधी धावायचं आणि कधी काम करायचं. एका गटाचे सगळे रन होतात ती एक हीट. तीन गटांत हा क्रम लावा: अ गट पहिल्या हीटला रन आणि दुसऱ्या हीटला काम, ब गट दुसऱ्या हीटला रन आणि तिसऱ्या हीटला काम, क गट पहिल्या हीटला काम आणि तिसऱ्या हीटला रन. यात कुणालाही काम संपवून लगेच ग्रिडवर पळावं लागत नाही. रन संपवून कामाला जाणं सोपं असतं, गाडी लावली की निघाला. उलटा क्रम वाईट. उन्हात तासभर कोन उचललेला माणूस धापा टाकत येतो, सामान गाडीतून काढायचं राहिलेलं असतं, हवा तपासायची राहिलेली असते, आणि पहिल्या पाच-सहा गाड्या वेळेवर निघत नाहीत. दोन गटांत हे दुसऱ्या गटाच्या बाबतीत टळत नाही, हाही दोन गटांचा एक तोटा. कधी चार गट झालेच तर एक हीट सोडून काम द्या: पहिल्या हीटला धावणारा तिसऱ्या हीटला काम करेल, दुसऱ्याचा चौथ्या हीटला, आणि उरलेल्या दोघांचं याच्या उलट.

या क्रमात ब गटाला शेवटच्या हीटचं काम येतं. म्हणजे रन झाले, वेळ कळली, आणि काम करायला कुणी उरत नाही. काम न करता गेलेल्याच्या वेळा रद्द, हा नियम सकाळच्या ब्रीफिंगमध्येच स्पष्ट सांगा आणि एकदा तरी अमलात आणा. शिवाय जुनी, भरवशाची मंडळी मी शक्यतो ब गटात ठेवतो.

वर्ग फोडू नका. एका वर्गातले सगळे एकाच गटात धावले पाहिजेत, याला अपवाद नाही. सकाळचा गार पृष्ठभाग आणि दुपारचा तापलेला पृष्ठभाग यांत खूप फरक असतो. वरची वाळू-खडी आधीच्या गाड्या झाडून काढतात आणि मागच्यांना स्वच्छ वाट मिळते. मध्येच पाऊस आला तर विचारूच नका. पॅक्ससारख्या निर्देशांकावर वेगवेगळ्या वर्गांची तुलना करणारा खुला वर्ग असेल तर तोही एकाच हीटमध्ये ठेवा. गट समान संख्येचे करण्यासाठी लहान वर्ग इकडून तिकडे हलवा, मोठा वर्ग कापू नका. २९, २७, २४ असे झाले तरी चालेल. आणि गटांचा क्रम दर इव्हेंटला फिरवा, नाहीतर तेच तेच वर्ग वर्षभर सकाळच्या गारठ्यात धावतात.

नवशिक्यांना सगळ्यांना एका गटात घालण्याचा मोह होतो, कारण शिकवणं सोपं जातं. पण मग तो गट कामाला उभा राहतो तेव्हा अख्खा कोर्स नवशिक्यांच्या हाती असतो. कोन चौकटीला टेकलेला आहे की पूर्ण बाहेर गेला, हे त्यांना अजून नीट ओळखता येत नाही. एससीसीएच्या नियमांत एका कोनचा दंड २ सेकंद आहे, म्हणजे एका चुकीच्या नोंदीने निकाल फिरतो. दोन गटांत विभागा आणि प्रत्येक ठाण्यावर एक तरी मुरलेला माणूस राहील असं बघा. नवशिक्यांसोबत बसणारे प्रशिक्षक मात्र दुसऱ्या गटातले हवेत, आणि तेही त्या हीटला ज्यांचं काम नाही असे. तीन गटांत दर हीटला एक गट मोकळा असतोच.

आता दोघांच्या गाड्या. हाच तुमच्याकडचा खरा गुंता आहे. बऱ्याच ठिकाणी फेरीच्या शेवटी या सगळ्या गाड्यांचे पहिले ड्रायव्हर सोडतात आणि लगेच त्यांच्यामागे दुसरे. गटात अशा तीन गाड्या असतील तर एका गाडीच्या दोन स्टार्टमध्ये दीड मिनिट मिळतं. रनलाच मिनिट जातं. मग स्टार्ट लाइन रिकामी आणि सगळं ग्रिड त्या गाडीकडे बघत उभं.

एकदा ड्रायव्हर बदलायला काय लागतं ते ग्रिडवर उभं राहून बघा. गाडी येऊन थांबते, पहिला उतरतो. सीट पुढे सरकवायची, आरसा फिरवायचा, बेल्ट नव्याने आवळायचा. दारावरच्या चुंबकी आकड्यांत पुढे एक जोडायचा, १४ चे ११४. उतरलेला फवाऱ्याची टाकी घेऊन पुढच्या टायरवर पाणी मारतो, तळवा ट्रेडवर ठेवून बघतो, आणि पुन्हा मारतो. तोवर दुसरा हवेचं गेज मागतो, आणि ते कुठेतरी सीटखाली असतं. चटपटीत जोडी हे तीन मिनिटांत करते. बाकीच्यांना चार-साडेचार लागतात.

त्यामुळे फेरी अशी लावा: आधी दोघांच्या गाड्यांचे पहिले ड्रायव्हर, मग एकट्यांच्या निम्म्या गाड्या, मग दोघांच्या गाड्यांचे दुसरे ड्रायव्हर, मग एकट्यांच्या उरलेल्या गाड्या. तुमच्या २७ च्या गटात हे ३, ११, ३, १० असं बसतं. दोघांची गाडी एकदा १४ स्टार्टनंतर आणि एकदा १३ नंतर निघते, म्हणजे साडेसहा ते सात मिनिटांनी. रनचं मिनिट आणि परत येण्याचं मिनिट वजा केलं तरी साडेचार-पाच मिनिटं हातात राहतात. ड्रायव्हरचा स्वतःचा वेळ इतरांइतकाच, साडेतेरा मिनिटं. या गाड्यांना ग्रिडवर वेगळी रांग द्या, स्टार्टच्या तोंडाशी, म्हणजे त्यांना गर्दीतून वाट काढत यावं लागणार नाही. दहाही गाड्या एकाच गटात येऊ देऊ नका, वर्ग वाटतानाच तीन-तीन-चार अशा पसरा. जोडीतले दोघं वेगळ्या वर्गांत धावत असतील तर त्यांना सरळ दोन गटांत टाका, प्रश्नच मिटला.

टायरपुरतं बोलायचं तर दोघांच्या गाडीला फायदा आणि तोटा दोन्ही असतो. पहिल्या रनला दुसऱ्या ड्रायव्हरला तापलेला टायर आयता मिळतो. चौथ्या-पाचव्या रनपर्यंत तोच टायर इतका तापलेला असतो की पकड सुटायला लागते, विशेषतः पुढच्या चाकांनी खेचल्या जाणाऱ्या गाड्यांत. काही २०० ट्रेडवेअरचे (ट्रेडवेअर हा टायर किती टिकतो याचा आकडा, कमी म्हणजे मऊ) टायर तर एका रनमध्येच पुरेसे तापतात. गाडी परत आली की हवा दर वेळी मोजायची आणि वाढलेली सोडायची. पाण्याचा फवारा ही चैन नव्हे, पण ग्रिडवर चिखल होऊन ते पाणी स्टार्टपर्यंत ओढलं जाणार नाही एवढं बघा. ओल्या टायरने निघालेली पुढची गाडी स्टार्टलाच घसरते.

गटांच्या अदलाबदलीची १५ मिनिटं पाळायची असतील तर काम आधीच सुरू व्हायला हवं. चालू गटाची शेवटची फेरी सुरू झाली की लाउडस्पीकरवरून पुढच्या कामगार गटाला नोंदणीला बोलवा, शेवटची गाडी फिनिश करेपर्यंत ते ठाण्यांच्या वाटेवर असले पाहिजेत. पुढे धावणाऱ्या गटाच्या गाड्या रिकाम्या होत जाणाऱ्या ग्रिडच्या जागांवर तेव्हाच लावून घ्या. प्रत्येक ठाण्याने वॉकी-टॉकीवर हजेरी दिली, चौकटींवरचे कोन नीट असल्याचं सांगितलं, की पहिली गाडी.

रीरन लगेच देऊ नका. लाल झेंड्याला थांबलेली गाडी परत येते तेव्हा तिचा टायर तापलेला असतो आणि ड्रायव्हर चिडलेला. पाच मिनिटांचा नियम रीरनलाही लागू. कोणी किती कोर्स पार केला होता यावर तिथे वाद होतो, तो मिटवायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. मी दर गटामागे चार-पाच रीरनची जागा आधीच धरतो.

रनची संख्या मात्र सकाळीच जाहीर करा आणि ती जरा कमीच सांगा. पहिल्या गटाला ५ दिले आणि उशीर झाला म्हणून तिसऱ्याला ४ वर आणलं, तर त्या दिवसाचं कुणी काही विसरत नाही. ४ जाहीर करा, वेळ उरला तर शेवटी निकालात न धरले जाणारे रन द्या. ज्यांना हवे ते थांबतील, बाकीचे घरी जातील, आणि थांबलेल्यांतूनच मार्शल मिळतील.

१२० च्या वर नोंदणी गेली तर तीन गटांत ४० येतात आणि तुमची वीस मिनिटं परत येतात. तेव्हा चार गट करा, माणसं पुरतात. जागा किंवा वेळ नसल्याने ते जमत नसेल तर ४० च्या गटाचे दोन भाग करा: पहिल्या २० जणांचे सगळे रन, मग उरलेल्या २० जणांचे. मार्शल तेच, कोर्स तोच, मध्ये थांबायचं नाही, आणि दोन रनमध्ये दहा मिनिटं. वर्ग अर्थातच एकाच भागात. एकच काळजी घ्या. शेवटच्या फेऱ्यांत कुणाची गाडी बिघडते, कुणी समाधानी होऊन थांबतो, २० चे १६ होतात आणि फेरी आपोआप आठ मिनिटांवर येते. एकट्यांना ते जाणवत नाही. दोघांच्या गाड्यांना मात्र चारच मिनिटं उरतात, तेव्हा ग्रिड मार्शलने कुणी सांगायची वाट न बघता स्टार्टरला दोन स्टार्टइतकं थांबवावं.